इवायाच्या भिंतीचा सत्कार

आमच्या गावाला पाणी दोन तऱ्हेनं मिळतं. उन्हाळ्यात टँकरनं, हात जोडून मागितल्यावर. आणि पावसाळ्यात ओढ्यानं, कुणी बोलावलेलं नसताना. मधले जे महिने उरतात त्यांत आम्ही पाण्यावर बैठका घेतो.

गाव मंठ्याच्या पुढं. आठवडी बाजाराचं, त्यामुळं धड खेडंही नाही आणि धड शहरही नाही. बाजारगल्लीच्या तोंडाशी, जिथं सगळा उतार येऊन संपतो, तिथं आमची पिठाची गिरणी आहे. मोटार आमचे हे बघतात, माणसं मी बघते. गिरणीच्या घरघरीत बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं. मग सवयच लागली, आता गिरणी बंद असली तरी ही बाई ओरडूनच बोलते, असं गल्ली म्हणते. म्हणू द्या. रांग मोडून डबा पुढं सरकवणाऱ्याला हळू आवाजात सांगून बघा एकदा, मग मला शिकवा.

पाऊस पूर्वीही पडायचाच की. पण तो रीतसर पडायचा, थोडा आज, थोडा उद्या. आता पंधरा-पंधरा दिवस तोंड दाखवत नाही, सोयाबीन माना टाकतं, आणि मग एका दुपारी महिन्याचा सगळा एकदम ओतून मोकळा होतो. ओढ्याला तो मावत नाही. मग तो येतो माझ्याकडं.

पहिल्यांदा पाणी शिरलं त्या दिवशी नेमकी डब्यांची रांग लागलेली होती. ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, कुणाच्या तरी बाळंतिणीचे डिंकाच्या लाडवाचे गहू. पाणी ओसरलं तेव्हा गिरणीत अर्ध्या गावाचं मिळून एक थालीपीठ तयार होतं. दुसऱ्या दिवशी बाया डबे घ्यायला आल्या. एकजण त्या चिखलाकडं बघून मला विचारते, "यातलं आमचं कोणतं?" मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या साली मोटार बुडाली. ती जालन्याला नेऊन वायंडिंग भरून आणली. त्याच्या पुढच्या सालीही बुडाली, परत भरून आणली. तिसऱ्यांदा चिखल उपसून झाल्यावर हे पायरीवर बसले आणि म्हणाले, "आता आणखी एकदा पाणी आलं तर शटर ओढायचं. बंद करू गिरणी. माझ्याच्यानं होत न्हाई." आमच्या घरात हे कधी निकराचं बोलत नाहीत, ते खातं माझ्याकडं. आणि बोलले तेही हळूच, म्हणून मला जास्त भीती वाटली. या गिरणीवर आम्ही लेकीला शिकवलं, तिचं लग्न केलं. ती बंद झाली तर मी दिवसभर करणार काय, आणि ओरडणार कुणावर?

आता पाणी गिरणीत का येतं, ते सांगते. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत आहे. आमच्या वरच्या अंगाला ओढ्याच्या काठावर एक मंगल कार्यालय आहे. मोठं, पंखे-जनरेटरवालं, पंचक्रोशीत तसं दुसरं नाही. कार्यालयाच्या मालकानं आवाराला भिंत घातली आणि ती सरळ ओढ्यावरून आडवी नेली. ओढ्याला जायला म्हणून खाली एक सिमेंटचा पाइप ठेवला. त्या पाइपातून उन्हाळ्यात मांजर आरामात जातं. पावसाळ्यात मात्र लग्नसराईतल्या पत्रावळ्या, द्रोण, पाण्याचे प्लॅस्टिकचे ग्लास सगळे त्याच्या तोंडाशी जमा होतात आणि पाइप बुच मारल्यासारखा बंद होतो. मग पाणी भिंतीला धडकतं, वळतं, आणि बाजारगल्ली धरतं.

तुम्ही म्हणाल, मग जाऊन भांडायचं ना. अहो, त्याच्यासाठीच तर जन्म माझा! पण कार्यालयाचा मालक म्हणजे आमचे व्याही. आमच्याकडं इवाई म्हणतात. माझी एकुलती एक लेक त्यांच्या घरात दिलेली.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. उन्हाळ्यात स्वतःच्या बोअरचं पाणी बाजाराला देतात, गरिबाच्या लग्नाला कार्यालय फुकट देतात. लेकीला तिथं काही कमी नाही. फक्त मानाचे भुकेले. कुठंही सत्कार असला की हे पहिल्या रांगेत, आणि शाल-नारळ नाही मिळाला तर दोन दिवस जेवण गोड लागत नाही. दिवाणखान्यात काचेचं कपाट आहे, त्यात स्मृतिचिन्हंच स्मृतिचिन्हं. अशा माणसाला "तुमच्या भिंतीनं माझी गिरणी बुडती" असं विहिणीनं तोंडावर सांगायचं म्हणजे आपल्या लेकीच्या ताटात आपणच माती कालवायची. म्हणून सगळ्या गावाशी भांडणारी मी, इवाई समोर आले की डोक्यावरचा पदर नीट करायची. ते विचारायचे, "कसं काय इनबाई, बरं हाय ना?" आणि मी, गुडघाभर गाळ उपसून कंबर मोडलेली, म्हणायची, "बरं हाय." आतल्या आत माझं काय होत होतं ते माझं मला माहीत.

मंग आराखडा आला. पुण्याच्या एका संस्थेच्या मॅडम आल्या, तरुण, हुशार, उन्हानं लाल झालेल्या. त्यांनी सांगितलं की पाऊस असाच लहरी होत जाणार, उन्हाळाही तापतच जाणार, तर एकट्या गावानं काही करून भागायचं नाही. ओढा वरच्या चार खेड्यांतून येतो. तेव्हा वरच्यांनी रानात चर खणून पाणी अडवायचं, बाजारगावानं त्याला थांबायला जागा आणि जायला वाट द्यायची, आणि सगळ्यांनी मिळून एकच आराखडा करायचा. ग्रामपंचायत, शेतकरी, दुकानदार, बचत गट, सगळे त्यात भागीदार. मला ते पटलं. इतकं पटलं की मी बसल्या जागेवरून ओरडले, "बराबर हाय!" मॅडम दचकल्या.

पण मॅडमला आमच्याकडची बैठक माहीत नव्हती. आमच्याकडं बैठकीत आधी सत्कार होतो, मग उरलेल्या वेळात विषय. आणि वेळ उरत नाही. सूत्रसंचालनाला आमचे एक निवृत्त गुरुजी आहेत. माइक हातात आला की त्यांना सोडवत नाही. पहिल्या बैठकीत मॅडमचा सत्कार झाला, सरपंचांचा झाला, चारी खेड्यांच्या प्रतिनिधींचा झाला, मग ज्यांनी सत्कार केले त्यांचा झाला, मग खुर्च्या दिल्या म्हणून इवायाचा झाला. मे महिना, ऊन मी म्हणतंय, लाइट गेलेली, आणि माणसं अंगावर शाली घेऊन बसलेली. ओढ्याचा विषय निघाला तेव्हा चहा आला. चहानंतर आभार.

दुसरी बैठक तशीच. तिसऱ्या बैठकीला मॅडमनी गुरुजींना आधीच गाठून हात जोडून सांगितलं, "सर, आज सत्कार नकोत. थेट विषयावर येऊ." गुरुजींचे डोळे भरून आले. त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, "मानसन्मानाला फाटा देऊन कामाला महत्त्व देणाऱ्या मॅडमचा हा साधेपणा! या साधेपणाबद्दल त्यांचा सत्कार करण्याची मी विनंती करतो." टाळ्या. मॅडमच्या गाडीची मागची सीट शालींनी भरून गेली होती. त्यातली एक त्यांनी मला दिली, ती मी गिरणीच्या मोटारीवर धूळ बसू नये म्हणून टाकते.

मॅडमही हुशार. त्यांनी ठरवलं, बैठकच नको. ओढ्याच्या काठानं चालत जाऊ, वरून खालपर्यंत, सगळे मिळून. चालत्या माणसाला शाल घालता येत नाही.

एका सकाळी आम्ही निघालो. वरच्या खेड्यातले म्हातारे बाबा पुढं, काठी टेकत. मागं सरपंच, गुरुजी, दुकानदार, आम्ही बाया. माझी लेकही होती, बचत गटाकडून. खरं सांगते, मजा आली. बाबा दाखवत होते, इथं चर खंदायचे, इथं बांध फुटतो, इथं पूर्वी करंजी होती. मॅडम हातातल्या यंत्रावर ओढ्याची रेघ काढत होत्या. बाजारगावाच्या हद्दीत आलो तेव्हा दुकानदारांनीही कबूल केलं की गुरांच्या बाजाराचं मैदान जरा खोल करू, मोठा पाऊस आला तर पाणी तिथं दोन दिवस थांबेल. बैलांचा बाजार काही भर पुरात भरत नाही. सगळे एकमेकांना हो म्हणून राह्यले होते. मला वाटलं, झालं, आता काम होतंय.

आणि भिंत आली.

काय सांगू तुम्हाला. सरपंचांना फोन आला. फोन वाजला नव्हता, पण ते बोलायला लागले. गुरुजींना एका बाभळीत एकदम रस निर्माण झाला. दुकानदार चपलेतला काटा काढायला वाकले, चौघंजण एकाच वेळी. मी पदर नीट केला. तेवढ्यात कार्यालयाच्या फाटकातून इवाई आले, पांढराशुभ्र सदरा, हसतमुख. "या या, उन्हाचं हिंडून राह्यले. लिंबू सरबत केलंय, आत चला जल्दी." सगळी वरात पुढच्या फाटकातून आत गेली, पंख्याखाली बसली, गारेगार सरबत प्याली आणि मागच्या फाटकातून बाहेर पडली. भिंत काही कुणी पाहिली नाही. मॅडम बिचाऱ्या विचारत होत्या, "अहो, पण ओढा इथून कुठे जातो?" गुरुजी म्हणाले, "आणखी अर्धा ग्लास घ्या."

मॅडमच्या नकाशात ओढा कार्यालयाच्या पुढच्या फाटकाशी येऊन थांबला आणि मागच्या फाटकापासून परत सुरू झाला. मधे काहीच नाही.

बाहेर आल्यावर मात्र म्हातारे बाबा उभे राहिले. त्यांनी सरबत घेतलं नव्हतं. ते इवायाला ऐकू जाणार नाही एवढ्या अंतरावर आल्यावर सरपंचांना म्हणाले, "हे बघा. आमच्या रानात चर खंदायचे, आमची जमीन जायची, अन् तुमच्या भिंतीला हात लावायचा न्हाई? हे बिलकुल चालणार न्हाई. पुढच्या बैठकीत भिंतीचं बोला. न्हाईतर आमची चार गावं यातून बाहेर." आणि काठी टेकत निघून गेले.

म्हणजे सगळा आराखडा त्या एका भिंतीवर येऊन अडला, ओढ्यासारखाच. बोलायचं कुणी? सरपंचाच्या निवडणुकीला इवायाची गाडी फिरते. दुकानदारांच्या पोरापोरींची लग्नं त्याच कार्यालयात. गुरुजींचा षष्ट्यब्दीचा सोहळा तिथंच झाल्ता. मॅडम परक्या. आणि मी, जिचं घर त्यात वाहून चाललंय, ती विहीण.

त्या संध्याकाळी लेक दळण घेऊन आली. हे तिच्यासमोरच म्हणाले, "अगं, बैठकीत तूच बोल की. एरवी तर ऐकून घेत न्हाईस कुणाचं."

"मी? इवायाला? भर सभेत?" मी म्हणाले. "उद्या हिला बोलले सगळे तर? नांदायचंय हिला तिथं."

पिठाचा डबा उचलता उचलता लेकीनं विचारलं, "म्हणजे माझ्यामुळं बोलत न्हाईस तू?"

"मंग काय दुसऱ्या कुणामुळं? जा, उशीर होईल."

ती गेली. मला तेव्हा काही कळलं नाही. पोटची पोर, पण सासरी गेली की तिच्या चेहऱ्यावरचं सगळंच आईला वाचता येत नाही.

शेवटची बैठक कुठं ठेवावी? कार्यालयातच. पंखे तिथं, जनरेटर तिथं. भिंतीचा निकाल भिंतीच्या आत, पाहुणचारही भिंतीच्याच मालकाचा. सरपंच मधे, मॅडम बाजूला, म्हातारे बाबा चारी गावांची माणसं घेऊन समोर, हाताची घडी घालून. इवाई पहिल्या रांगेत. सत्काराचं ताट-बिट सांभाळायचं काम आमच्याकडं बायांकडंच असतं, म्हणून गुरुजींनी ते बचत गटाला दिलेलं. ताट माझ्या लेकीच्या हातात होतं. ताटाच्या बाजूला एक फेटेवाला उभा होता. मला वाटलं, मॅडमसाठी बोलावला असेल.

गुरुजींनी प्रास्ताविक केलं, पर्यावरणावर स्वतःच्या चार ओळी म्हटल्या, घाम पुसायला माइक खाली ठेवला. तो माझ्या लेकीनं उचलला.

मी खुर्चीतून अर्धवट उठले.

"बचत गटातर्फे एक सत्कार आहे," ती म्हणाली. "आमच्या मामांचा."

मामा म्हणजे तिचे सासरे. इवाई 'सत्कार' एवढं ऐकूनच सवयीनं उठले होते, 'मामांचा' म्हणेपर्यंत मंचावर पोहोचले. फेटेवाल्यानं पहिला वेढा दिला. आता फेटा बांधताना माणसाला मान हलवता येत नाही, बोलता येत नाही, नुसतं समोर बघत राहावं लागतं. लेकीनं तेवढ्या वेळात सांगून टाकलं.

"पाणी कुणाच्या घरात शिरू नये, वरच्या गावांचे कष्ट वाया जाऊ नयेत, म्हणून ओढ्यावरची स्वतःची भिंत स्वतःच्या खर्चानं काढून ओढ्याला वाट देणारे पहिले मानकरी, आमचे मामा."

इवायाचे डोळे फेट्याखालून मोठे झाले. फेटेवाला दुसरा वेढा देत होता. सरपंचांनी माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस फेटा काढून फेकणार, माझ्या पोरीला चारचौघांत बोलणार, आणि संध्याकाळी ती बॅग घेऊन माझ्या दारात. गिरणी गेली खड्ड्यात, माझी पोर वाचव, असं मी राजूरच्या गणपतीला तिथल्या तिथं म्हणाले.

आणि म्हातारे बाबा उठले. काठी बाजूच्याकडं दिली आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायला लागले. मग त्यांची चार गावं. मग दुकानदार, सुटल्यासारखे. टाळ्या थांबेचनात. गुरुजींना काय झालं ते कळायला जरा वेळ लागला, पण कळल्यावर त्यांनी माइक हिसकावून घेतला आणि दानशूर, भूमिपुत्र, जलपुत्र असं जे सुरू केलं ते विचारू नका. फेट्याचा तुरा वर आला तेव्हा इवायाच्या गळ्यात हार पडले होते, हातात नारळ होता आणि माइक तोंडासमोर.

त्यांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. मग घसा खाकरला.

"आता..." ते म्हणाले, "आता सगळ्यांची इच्छाच हाय तर..."

पुढचं टाळ्यांत ऐकू आलं नाही. मॅडमनी तेवढ्यात नकाशातली रेघ जोडून टाकली.

लोक जिलेबी खात होते, मी माझी शेजारणीच्या पोराला देऊन घरी आले. रात्रीच्या जेवणानंतर लेकीला फोन केला.

"काय म्हणाले गं?"

"जेवले. बोलले न्हाईत."

दुसऱ्या दिवशी फोन केला. "जेवले. बोलले न्हाईत." तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, "तू निघून ये इकडं." ती म्हणाली, "कशाला? भाकरी वाढली तर घेतात की." इतकी थंड पोर माझी कशी, देव जाणे. बापावर गेली.

पण इवायाला माघार घ्यायला गावानं जागाच ठेवली नाही. वरच्या गावांतून माणसं हार घेऊन यायला लागली. पेपरात फेट्यातला फोटो आला. बाजारात जो तो हात जोडायचा, "मोठं काम केलं बघा मालक." जेवढं कौतुक वाढलं तेवढी भिंत डळमळत गेली. शेवटी एक दिवस नारळ फोडून जेसीबी लावलाच. भिंतीच्या जागी आवारात ये-जा करायला छोटा पूल केला. आता नवरा-नवरी त्याच्यावर उभे राहून फोटो काढतात, आणि इवाई सांगतात, ही कल्पना आपलीच. इकडं वर चर खंदून झाले, गुरांचं मैदान खोल झालं. लेकीशी ते हळूहळू बोलायला लागले, पण माझ्या गिरणीवरून जाताना मात्र मान वळवून जायचे. मी समजले. माझीच शिकवणी, असं त्यांना वाटत होतं.

मग गणपतीत तो पाऊस आला.

दुपारीच अंधारून आलं. समोरचं दुकान दिसेना असा पडला. ह्यांनी मोटारीचे बोल्ट सोडायला घेतले, वर उचलून ठेवायला. मी दारात उभी. गल्लीतून पाणी वाहायला लागलं, घोट्याएवढं झालं, पहिल्या पायरीला लागलं. मी शटरच्या साखळीला हात घातला. शटर ओढायचं म्हणजे काय, हे मला त्या क्षणी कळलं. मी कुणावरही ओरडत नव्हते.

पाणी पायरीवर चढलं नाही. तिथंच थांबलं, जरा वेळ तसंच राहिलं, आणि उतरायला लागलं. वरच्या अंगाला ओढा गर्जत होता, पण आपल्या वाटेनं. हे हातात पाना घेऊन माझ्याजवळ येऊन उभे राहिले. आम्ही दोघं त्या पायरीकडं खुळ्यासारखे बघत होतो आणि मी रडत होते.

गल्लीतून साडी खोचून, डोक्यावर खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ घेऊन माझी लेक आली. पाणी कुठवर आलं ते बघायला. मी तिला आत ओढली आणि पहिल्यांदा तिच्यावरच ओरडले. "मेले, तुला भीती न्हाई वाटली? त्या दिवशी? भर सभेत?"

"वाटली की," ती पोत्यातून डोकं काढत म्हणाली. "पण आई, तू एवढी कडाकडा बोलणारी, अन् माझ्यासाठी मूग गिळून बसली होतीस. दर साली गाळ उपसत होतीस अन् मामांना 'बरं हाय' म्हणत होतीस. ते मला तिथं बसून बघवत नव्हतं."

तेवढ्यात छत्री घेऊन इवाई आले. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, चप्पल हातात. लेक दिल्यापासून गिरणीच्या आत त्यांचा पाय पहिल्यांदा पडत होता, दळण गड्याकडून नाहीतर लेकीकडून यायचं. त्यांनी पायरीकडं बघितलं. मग आतल्या भिंतींकडं बघितलं. तिथं मागच्या सालांच्या पाण्याच्या मळक्या रेघा होत्या, एकावर एक. आम्ही चुना मारायचं सोडून दिलं होतं.

"हे इथवर आल्तं?" त्यांनी विचारलं.

"आल्तं," हे म्हणाले.

इवायानं सगळ्यात वरच्या रेघेवर बोट ठेवलं. ती त्यांच्या कमरेच्या वर होती. बोट तिथंच ठेवून ते माझ्याकडं वळले. "अन् इनबाई, तुम्ही मला एक शब्द बोलल्या न्हाईत?"

"लेक दिली हाय तुमच्या घरात," मी म्हणाले.

"अहो, मंग लेक दिली हाय म्हणूनच बोलायचं होतं ना!" त्यांचा आवाज चढला. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, मला दिसत होतं. "गावाचं काय, गावाला माझ्याकडं काम पडतं, ते न्हाई बोलणार. तुम्ही घरच्या. घरचंच माणूस तोंडावर सांगतं. सुनेला फेटा बांधून सांगावं लागलं मला!"

एवढी वर्षं. एवढी वर्षं मी पदर ओढून, जीभ चावून, गाळ उपसत काढली, आणि हा माणूस मलाच म्हणतो, बोलल्या न्हाईत! माझ्या डोळ्यातलं पाणी जागच्या जागी आटलं. मी पदर खोचला. मग मी बोलले. पाइपापासून सुरुवात केली. पत्रावळ्या घेतल्या, द्रोण घेतले, मोटार दोनदा घेतली, बाळंतिणीचे गहू घेतले. मोटार बंद होती, तरी आवाज असा लागला की गल्लीतली माणसं छत्र्या घेऊन दारात जमली. हे पाना हातात धरून हसत होते. लेकीनं तोंडावर पोतं धरलं होतं. इवाई छत्री टेकून उभे, मान खाली, मधे मधे नुसतं "बराबर हाय, बराबर हाय" म्हणत.

मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी मान वर केली.

"झालं, इनबाई?"

"न्हाई," मी म्हणाले. "बसा."